शरीरात विरघळणारे पॉलिमर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी या पॉलिमरच्या प्रोसेसिंगमध्ये काम करतो, डॉक्टर नाहीये, त्यामुळे तुमच्या जखमेचं काय करायचं ते तुमच्या सर्जनलाच विचारा. मटेरियलबद्दल जे प्रश्न मला सारखे येतात ते खाली घेतलेत, जसे आले तसेच ठेवलेत.

टाके, स्क्रू शरीरात विरघळतात म्हणजे नक्की काय होतं? जातात कुठे?

विरघळतात हा शब्द खरं तर चुकीचाय, पण आता तोच रूढ झालाय तर राहू दे. मीठ पाण्यात विरघळलं की पाणी आटवून परत मिळवता येतं, इथे तसं काही नाही. पीजीए (पॉलिग्लायकोलिक अ‍ॅसिड), पीएलए (पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड) ही सगळी पॉलिएस्टर आहेत, म्हणजे छोट्या रेणूंची लांबच लांब साखळी आणि दर दोन कड्यांच्या मध्ये एक एस्टर बंध. शरीरातलं पाणी आत झिरपतं आणि हा बंध तोडतं, याला हायड्रोलिसिस म्हणतात. हजारो कड्यांची साखळी तुटत तुटत शेकड्यावर येते, मग दहा-वीसवर, आणि शेवटी तुकडे इतके बारीक होतात की ते खरोखर पाण्यात उतरतात आणि तिथून निघून जातात.

पीएलएचं शेवटी लॅक्टिक अ‍ॅसिड होतं, जे तुम्ही धावत जिना चढलात तरी स्नायूंमध्ये तयार होतंच, शरीराला त्याची ओळख आहे. ते क्रेब्स सायकलमधून (पेशी अन्नातून ऊर्जा काढतात त्या वाटेने) जातं आणि कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन बाहेर पडतं. पीजीएचं ग्लायकोलिक अ‍ॅसिड होतं, त्यातलं काही लघवीवाटे जातं, काही याच वाटेने. म्हणजे गुडघ्यात बसवलेल्या स्क्रूचा बराचसा भाग माणूस उच्छ्वासातून सोडून देतो, ऐकायला विचित्र वाटतं पण खरंय.

मग टाका किती दिवसांत विरघळतो?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच. लोकांना एक तारीख हवी असते. पण इथे घड्याळं तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळी चालतात. पहिलं म्हणजे मॉलिक्युलर वेट, साखळीची लांबी, ती पाणी लागल्या दिवसापासून कमी व्हायला लागते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरं ताकद, ही काही काळ टिकते आणि मग साखळ्या एका मर्यादेखाली आल्या की भराभर ढासळते. तिसरं वजन, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष नाहीशी होणं, हे सगळ्यात शेवटी.

विक्रिल या टाक्याच्या धाग्याचं उदाहरण घ्या, ९० टक्के ग्लायकोलाइड (पीजीएचा कच्चा माल) आणि १० टक्के एल-लॅक्टाइड (पीएलएचा कच्चा माल) असं ते पॉलिमर आहे. दोन आठवड्यांनी त्याच्यात साधारण ७५ टक्के ताकद उरलेली असते, तीन आठवड्यांनी निम्मी, चार आठवड्यांनी पाव. पण धागा पूर्ण शोषला जायला ५६ ते ७० दिवस लागतात. म्हणजे महिन्याभरानंतर तो धागा तिथे आहे, बोटाला लागतोय, पण जखम धरून ठेवायच्या कामाचा राहिलेला नाही. डॉक्टरला पहिल्या दोन घड्याळांची काळजी असते आणि पेशंट तिसऱ्याबद्दल विचारतो, म्हणून दोघांच्या उत्तरांचा मेळ बसत नाही.

याच्या उलट पीडीएस, म्हणजे पॉलिडायऑक्सानोन. हा चार आठवड्यांनंतरही निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद धरून ठेवतो आणि पूर्ण जायला सहा महिने किंवा जास्त घेतो, म्हणून जिथे टिश्यू हळू भरतो, जसं पोटाची भिंत, तिथे तो वापरतात.

कॅटगट पण विरघळतोच की, त्यात आणि यात फरक काय?

कॅटगट म्हणजे मेंढी किंवा गाय यांच्या आतड्याचं कोलॅजन, त्याला मांजराचा काही संबंध नाही. ते पाण्याने नाही तर एन्झाइमने तुटतं, आणि एन्झाइम प्रत्येकात, प्रत्येक जखमेत वेगळे, इन्फेक्शन असेल तर भरमसाट. त्यामुळे ताकद कधी जाईल याचा भरवसा कमी आणि शरीराची प्रतिक्रिया जास्त. पीजीए, पीएलएला मुख्यतः पाणीच लागतं, आणि पाणी सगळ्यांच्या शरीरात जवळपास सारखंच. हीच खरी सुधारणा होती, वेळ सांगता यायला लागली.

हे कधीपासून चालू आहे?

पीएलए शस्त्रक्रियेसाठी वापरता येईल असं दाखवणारा सुरुवातीचा महत्त्वाचा पेपर १९६६ चा, अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतून आलेला, आणि त्यातलं पहिलं नाव कुलकर्णी, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे कान टवकारले होते. मग १९७० च्या सुमारास डेक्सॉन हा पीजीएचा धागा बाजारात आला आणि १९७४ मध्ये विक्रिल. इंजेक्शनमधून द्यायच्या, औषध हळूहळू सोडणाऱ्या बारीक गोळ्या, म्हणजे मायक्रोस्फिअर, त्या नंतरच्या, त्यातल्या ल्युप्रॉन डेपो या इंजेक्शनला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली.

एवढी नावं आहेत, कुठलं कशासाठी वापरायचं?

पीजीए कडक, भरपूर क्रिस्टलाइन (म्हणजे साखळ्या एकमेकींशी नीट रचल्या गेलेल्या), २२५ अंशांच्या आसपास वितळतं, पण पाण्याला लवकर शरण जातं कारण त्याच्यात पाणी दूर ठेवणारा मिथाइल ग्रुप नाही. पीएलएमध्ये प्रत्येक कडीला तो एक मिथाइल ग्रुप आहे, एवढ्याशा फरकाने आठवड्यांचं काम वर्षांवर जातं. एल प्रकारचं पीएलए म्हणजे पीएलएलए १७५ अंशांच्या आसपास वितळतं आणि शरीरातून पूर्ण जायला दोन वर्षं ते पाच वर्षं, कधी त्याहून जास्त. डीएल प्रकार, म्हणजे रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी डावी-उजवी दोन्ही रूपं मिसळलेला, तो नीट रचलाच जात नाही, क्रिस्टल बनत नाहीत, काचेसारखा पारदर्शक राहतो आणि साधारण वर्ष-सव्वा वर्षात जातो.

दोन्ही एकत्र केले की पीएलजीए. इथे एक गंमत आहे, लोकांना वाटतं पीजीए लवकर जातं म्हणजे पीजीए जितकं जास्त तितकं लवकर जाईल, पण तसं सरळ नाही. ५०:५० वालं सगळ्यात लवकर जातं, एक-दोन महिन्यांत, शुद्ध पीजीएपेक्षाही लवकर, कारण मिश्रणामुळे क्रिस्टल बनायचं थांबतं आणि पाणी वाट्टेल तिथून आत शिरतं. ७५:२५ ला (पीएलए ७५, पीजीए २५) चार-पाच महिने, ८५:१५ ला पाच-सहा. हे आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या, आकार, जाडी, मॉलिक्युलर वेट आणि साखळीच्या टोकाला अ‍ॅसिड आहे की एस्टर यावर ते इकडेतिकडे होतात.

पीसीएल म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन, हे आळशी पोर. ६० अंशांना वितळतं, मऊ, लवचिक, दोन वर्षांहून जास्त टिकतं. ताकद फार नाही पण प्रिंट करायला अतिशय सोपं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात २०१२ मध्ये एका बाळाच्या कोसळणाऱ्या श्वासनलिकेला बाहेरून आधार द्यायला पीसीएलची प्रिंट केलेली स्प्लिंट बसवली होती, तिथे हा आळसच कामाला आला, कारण नळी स्वतःची ताकद धरेपर्यंत दोन-तीन वर्षं आधार हवाच होता.

बाकी पॉलिअनहायड्राइड, पीफोरएचबी वगैरे आहेत. पीफोरएचबी मजेशीर आहे कारण ते बॅक्टेरियाकडून बनवून घेतात. पण माझ्यासमोर येणाऱ्या कामातलं बरंचसं वरच्या चार-पाचांतच संपतं.

थ्रीडी प्रिंटरचं पीएलए फिलामेंट पण पीएलएच ना, मग ते का नाही चालत?

नाव एक, माल वेगळा. फिलामेंटमध्ये रंग, प्लास्टिसायझर, इम्पॅक्ट मॉडिफायर असं काय काय घातलेलं असतं आणि त्याची यादी तुम्हाला कोणी देत नाही. मेडिकल ग्रेडमध्ये उरलेला मोनोमर (साखळीत न जोडलेला सुटा रेणू) किती, कॅटालिस्टचं टिन किती, सॉल्व्हंट किती, बॅक्टेरियाचे एंडोटॉक्सिन किती हे सगळं दर लॉटला मोजलेलं असतं. शरीराबाहेरचं मॉडेल, ऑपरेशन आधी सर्जनला हाडाचा आकार दाखवायला, त्यासाठी फिलामेंट चालेल. आत ठेवायला अजिबात नाही.

आणि हो, कंपोस्टेबल म्हणजे शरीरात चालणारं असंही नाही. पीएलएचं कंपोस्ट व्हायला ६० अंशांच्या आसपासची गरम रास लागते, अंगणात पुरलं तर वर्षानुवर्षं तसंच पडून राहील.

हे पॉलिमर बनवतात कसं?

लॅक्टिक अ‍ॅसिड नुसतं तापवून, पाणी काढत काढत जोडलं तर साखळी छोटीच राहते, कारण निघणारं पाणीच परत साखळी तोडतं. म्हणून आधी दोन रेणूंची अंगठी बनवतात, लॅक्टाइड, ती नीट शुद्ध करतात आणि मग टिन ऑक्टोएट कॅटालिस्ट टाकून अंगठी उघडत एकाला एक जोडत जातात. याने लांब साखळ्या मिळतात. शेवटी उरलेलं लॅक्टाइड व्हॅक्यूमखाली काढायचं, आणि हे नीट काढलं नाही तर पुढे सगळ्यांना त्रास, कारण उरलेला मोनोमर पाणी लागल्यावर अ‍ॅसिड होतो आणि अ‍ॅसिड बाकीच्या साखळ्या लवकर तोडतं.

ग्रॅन्युल (पॉलिमरचे दाणे) इतके सुकवायचे कशाला? दिसायला तर कोरडेच असतात.

हा माझा आवडता प्रश्न, जरा लांब लिहितो. गणित करून बघा. समजा पॉलिमरचं सरासरी मॉलिक्युलर वेट एक लाख आहे, आणि एक किलो माल घेतला. एक किलोत साखळ्या किती, तर ०.०१ मोल. आता पाणी. पाण्याचं मॉलिक्युलर वेट १८, म्हणजे ०.०१ मोल पाणी म्हणजे फक्त १८० मिलीग्रॅम. तीन-चार थेंब. पाण्याचा एक रेणू एक बंध तोडतो, म्हणजे एका किलोत तीन-चार थेंब पाणी असेल आणि मशीनच्या बॅरलच्या (माल वितळवणाऱ्या नळीच्या) गरमीत ते सगळं खर्ची पडलं तर प्रत्येक साखळी सरासरी एकदा तुटते आणि मॉलिक्युलर वेट सरळ निम्म्यावर. तुम्ही पैसे एक लाखाच्या मालाचे दिले आणि मोल्डमधून पन्नास हजाराचा माल बाहेर आला, आणि पार्ट दिसायला एकदम छान.

१८० मिलीग्रॅम दर किलोला म्हणजे १८० पीपीएम. त्यामुळे लोक २०० पीपीएमखाली सुकवा म्हणतात तेव्हा मला ते अपुरंच वाटतं, मेडिकल कामात ५० च्या खाली असावं असं माझं मत आहे.

आता सुकवायचं कसं, तर पीएलएलए क्रिस्टलाइन असेल तर ८०-१०० अंशांना व्हॅक्यूममध्ये सुकवता येतं. पण डीएल किंवा पीएलजीए असेल तर त्यांचं ग्लास ट्रान्झिशनच (कडक पॉलिमर मऊ पडायला लागतं ते तापमान) ४५-५५ अंशांना, तिथे ८० वर ठेवलंत तर सकाळी ड्रायरमधून ग्रॅन्युल नाही, एक अखंड ढेकूळ निघतं. ते ४० च्या आसपासच, व्हॅक्यूममध्ये, जास्त वेळ, घाई न करता.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. माल नीट सुकवलेला, आकडा पण छान आला होता, आणि मग मी तो हॉपरमध्ये (मशीनवरच्या माल भरायच्या टाकीत) टाकून झाकण उघडं ठेवून निघून गेलो. आल्यावर मशीन चालू केलं तर सुरुवातीचे पार्ट ठीक, पण पुढे नोझलमधून जो माल येत होता तो दोरीसारखा न येता नुसता टपटप गळायला लागला, पाण्यासारखा पातळ. पॅरामीटर बदलून बदलून थकलो, शेवटी एका जुन्या ऑपरेटरने येऊन हॉपरकडे बोट दाखवलं, बोलला काहीच नाही. तेव्हापासून सुकलेला माल कोरड्या नायट्रोजनखाली नाहीतर बंद हॉपरमध्येच, आणि पिशवी उघडायची तर आधी तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. फ्रीजरमधून काढलेली थंड पिशवी लगेच उघडली की हवेतलं पाणी दाण्यांवर बसतं, चष्म्यावर धुकं येतं ना तसं.

मोल्डिंग, एक्स्ट्रुजन करताना अजून काय बिघडतं?

पाण्याशिवाय दुसरा शत्रू गरमी आणि वेळ. वितळलेलं पॉलिमर बॅरलमध्ये जितकं जास्त थांबेल तितकी साखळीची टोकं मागे वळून स्वतःचाच तुकडा तोडतात आणि परत लॅक्टाइडची अंगठी बनते. म्हणजे आधी मेहनतीने काढलेला मोनोमर पुन्हा तयार. मोल्डच्या व्हेंटपाशी (हवा बाहेर जायच्या फटीपाशी) पांढरी पूड साचायला लागली की समजायचं हे चाललंय. उपाय साधे आहेत, शॉटच्या (एका वेळी मोल्डमध्ये जाणाऱ्या मालाच्या) मानाने छोटं बॅरल, जेवायला जाताना मशीन भरलेलं ठेवायचं नाही, आणि स्क्रूचा वेग उगाच वाढवायचा नाही. पीजीएमध्ये तर वितळण्याचं तापमान आणि जळण्याचं तापमान इतकं जवळ की हलवायला जागाच नाही.

थंड कसं करता यालाही महत्त्व आहे. पीएलएलए पटकन थंड केलं तर अमॉर्फस (क्रिस्टल नसलेलं) राहतं, हळू केलं किंवा नंतर पुन्हा गरम ठेवून अ‍ॅनील केलं तर क्रिस्टल बनतात. क्रिस्टल जास्त म्हणजे कडकपणा जास्त, विघटन हळू. धाग्यात ओढून साखळ्या एका दिशेला लावतात, तिथून ताकद येते, पण ओढलेली वस्तू गरम झाली की आकसते, हे पुढे स्टरिलायझेशनच्या वेळी आठवा.

कुठल्याही बदलानंतर एकच गोष्ट मोजा, इन्हेरंट व्हिस्कॉसिटी (द्रावणाचा दाटपणा, त्यावरून साखळीच्या लांबीचा अंदाज येतो), आधी आणि नंतर. पीएलए क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं, पीजीए मात्र हट्टी, त्याला हेक्झाफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉल लागतं, महाग आणि घातक, फ्यूम हूडशिवाय हात लावू नका.

ऑटोक्लेव्हमध्ये टाकून स्टरिलाइझ का करत नाहीत?

१२१ अंश आणि वाफ, म्हणजे पाणी आणि गरमी दोन्ही एकत्र, या पॉलिमरसाठी याहून वाईट काही शोधून सापडणार नाही. पीएलजीए तर ताटलीवर पसरलेलं मिळेल.

मग उरतं गॅमा किंवा इलेक्ट्रॉन बीमचं रेडिएशन, नाहीतर इथिलीन ऑक्साइड हा गॅस. २५ किलोग्रे गॅमा दिलं की साखळ्या तुटतात, किती ते पॉलिमरवर अवलंबून, पण तुटतात. पीजीएचे धागे म्हणून इथिलीन ऑक्साइडनेच करतात. तेही फुकट नाही, त्यात ओलावा लागतो, तापमान लागतं, आणि नंतर उरलेला गॅस बाहेर काढायला वेळ लागतो. पार्टचं ग्लास ट्रान्झिशन ४५ आणि चेंबर ५०-५५ ला असेल तर ओढलेला पार्ट आकसून वाकडा होऊन येतो.

काही जण डिझाइन करतानाच पुढचं नुकसान धरून चालतात, म्हणजे गॅमानंतर मॉलिक्युलर वेट इतकं उतरणार म्हणून सुरुवातच वरून करायची. आणि विक्रिल रॅपिडमध्ये तर याच तोट्याचा फायदा करून घेतलाय, धाग्याला मुद्दाम रेडिएशन देऊन साखळ्या आधीच कमी करतात, त्यामुळे तो पाच दिवसांत निम्मी ताकद सोडतो आणि साधारण ४२ दिवसांत जातो. लहान मुलांच्या त्वचेवरच्या टाक्यांना असंच हवं असतं.

जाड पार्ट आतून लवकर सडतो असं ऐकलं, खरंय?

खरंय, आणि पहिल्यांदा बघाल तर विश्वास बसणार नाही. डीएल-पीएलएची एक पारदर्शक जाडसर चकती ३७ अंशांच्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवा. काही दिवसांत ती दुधी होते, पाणी आत शिरल्याची खूण. आठवडे जातात, बाहेरून आकार तसाच, कडा तशाच, वजनही फार कमी झालेलं नाही. मग एक दिवस चिमट्याने उचलायला जाता आणि कवच फुटून आतून चिकट पातळ द्रव बाहेर येतो. आत पोकळ!

कारण असं की साखळ्या तुटल्या की टोकाला अ‍ॅसिड तयार होतं. कडेचं अ‍ॅसिड बफरमध्ये निघून जातं, मधलं अडकतं, आणि अ‍ॅसिड स्वतःच हायड्रोलिसिसचा वेग वाढवतं, मग अजून अ‍ॅसिड. म्हणून पातळ फिल्म कधी कधी जाड ठोकळ्यापेक्षा जास्त टिकते, जे आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या एकदम उलट आहे. हाडाच्या स्क्रूमध्ये ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइट मिसळतात त्याचं एक कारण हेच, ते अ‍ॅसिड थोडं शोषतं, आणि शिवाय हाडाला धरायला काहीतरी मिळतं.

साबणाच्या वडीसारखं बाहेरून झिजत जाणारं हवं असेल तर पॉलिअनहायड्राइडकडे जावं लागतं, तिथे बंध इतक्या लवकर तुटतात की पाण्याला आत शिरायला वेळच मिळत नाही. ग्लियाडेल ही मेंदूच्या ट्यूमरच्या जागी ठेवायची चकती, १९९६ ला मंजूर झालेली, याच तत्त्वावर आहे.

महिन्यातून एकदाच घ्यायच्या इंजेक्शनमध्ये हे पॉलिमर काय करतं?

औषध पीएलजीएच्या बारीक गोळ्यांमध्ये कोंडलेलं असतं, मायक्रॉनमधल्या आकाराच्या. औषधाचं पाण्यातलं द्रावण डायक्लोरोमिथेनमधल्या पॉलिमरमध्ये घुसळायचं, ते सगळं परत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाण्यात घुसळायचं, सॉल्व्हंट उडून गेला की घट्ट गोळ्या खाली उरतात, मग धुवायच्या, चाळायच्या, फ्रीझ ड्राय करायच्या. वाचायला सोपं आहे, पण ढवळण्याचा वेग किंचित बदलला तरी आकार बदलतो आणि आकार बदलला की औषध सुटण्याचा वेग बदलतो. उरलेल्या डायक्लोरोमिथेनला ६०० पीपीएमची मर्यादा आहे, ती पण पाळायची.

पहिल्याच दिवशी भसकन बरंचसं औषध सुटणं, याला बर्स्ट म्हणतात, ही कायमची डोकेदुखी. पृष्ठभागाला चिकटलेलं औषध पहिल्यांदा सुटतं, मग काही दिवस शांतता, मग पॉलिमर तुटायला लागलं की दुसरी लाट. सरळ रेषेत सुटणं हे बहुतेक वेळा ब्रोशरमध्येच असतं.

काही त्रास होतो का, सूज वगैरे?

होऊ शकतो आणि तो उशिरा येतो, म्हणून लोक घाबरतात. ऐंशीच्या दशकात फिनलंडमध्ये हाडं जोडायला पीजीएच्या कांड्या वापरल्या, हाड नीट जुळलं, आणि काही पेशंटमध्ये दोन-तीन महिन्यांनी तिथे सूज येऊन द्रव बाहेर आला. तपासलं तर जंतू नाहीत. पीजीए एकदम तुटल्यामुळे शरीराला निचरा करायला वेळ मिळाला नव्हता. मग हळू तुटणाऱ्या पीएलएलएकडे गेले, तर तिथे उलटा प्रॉब्लेम, क्रिस्टलचे बारीक तुकडे वर्षानुवर्षं रेंगाळतात आणि मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) त्यांच्याभोवती जमतात. आता बरेच स्क्रू एल आणि डीएलच्या मिश्रणाचे किंवा कंपोझिटचे असतात ते या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसावं म्हणून.

टाक्याच्या जागी महिन्याभराने छोटी गाठ लागली तर ती तिसऱ्या घड्याळाची असू शकते, पण लाल, गरम, दुखरी असेल किंवा ताप असेल तर डॉक्टरकडे जा, असले लेख वाचत बसू नका.

विरघळणारे स्टेंट आले होते, त्यांचं काय झालं?

कल्पना सुरेख होती. रक्तवाहिनी उघडी ठेवायची गरज काही महिनेच, मग आयुष्यभर धातू कशाला. अ‍ॅबटचा अ‍ॅब्सॉर्ब हा पीएलएलएचा स्टेंट जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने विक्री थांबवली. त्यात गुठळ्या होण्याचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त दिसलं.

मटेरियलवाल्याच्या नजरेने बघा. पीएलएलएचा कडकपणा तीन गिगापास्कलच्या आसपास, कोबाल्ट क्रोमचा दोनशेच्या वर. तेवढाच आधार द्यायचा तर स्टेंटच्या जाळीची काडी जाड करावी लागते, अ‍ॅब्सॉर्बची १५० मायक्रॉन होती, तुलनेतल्या धातूच्या स्टेंटची ८१. जाड काडी रक्ताच्या प्रवाहात आडवी येते. त्यात ती नीट भिंतीला चिकटली नाही आणि नंतर तुटायला लागली तर तुकडा आतल्या बाजूला लोंबकळतो. सगळा दोष पॉलिमरचा असं मी म्हणणार नाही, बसवण्याची पद्धतही नवीन होती. एप्रिल २०२४ मध्ये त्याच कंपनीचा ९९ मायक्रॉनचा एस्प्रिट गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्यांसाठी मंजूर झालाय, म्हणजे कल्पना मेलेली नाही, जागा बदलली.

मग सगळीकडे धातूऐवजी हेच का नाही वापरत, काढायचं ऑपरेशन तरी वाचेल?

वरचंच उत्तर. हाड १० ते २० गिगापास्कल, टायटॅनियम ११०, पीएलएलए ३. मांडीचं हाड यावर उभं राहणार नाही. जबडा, कवटी, हाताची छोटी हाडं, लिगामेंटचा स्क्रू, लहान मुलं ज्यांची हाडं वाढतायत, तिथे चांगलं. आणि एक्स-रेमध्ये हे दिसत नाही, सर्जनला तो वेगळा वैताग.

टेस्ट कशी करतात? वर्षभर थांबायचं का?

हो, खरी टेस्ट करायची तर थांबायचंच. पीएच ७.४, ३७ अंश, बफर वेळोवेळी तपासायचा, ठरलेल्या आठवड्यांना नमुने काढून मॉलिक्युलर वेट, ताकद, वजन तिन्ही मोजायचं. पीएलएसाठी आयएसओ १३७८१ आहे, शरीराशी जमतं का बघायला आयएसओ १०९९३ ची मालिका. तापमान वाढवून लवकर उत्तर काढायचा मोह होतो, पण ५०-७० अंशांना गेलात की पीएलए ग्लास ट्रान्झिशनच्या वर जातं आणि तो वेगळाच पदार्थ असल्यासारखा वागतो. पीएलजीए तर पाणी पिऊन ३७ लाच मऊ व्हायला लागतं. अंदाज म्हणून ठीक, रिपोर्टमध्ये पुरावा म्हणून नको.

पाकीट उघडलं पण वापरलं नाही, परत बंद करून ठेवू का?

नको. ते अ‍ॅल्युमिनियम फॉइल शोभेला नाही, प्लास्टिकमधून ओलावा जातो, फॉइलमधून जवळपास जात नाही. पाकीट फाडलं तिथे पहिलं घड्याळ सुरू झालं, शिवाय स्टराइल राहिलं नाही ते वेगळंच.

मोल्डिंगमधले रनर (मोल्डमध्ये माल जायच्या वाटेत गोठलेले तुकडे), खराब पार्ट दळून परत वापरले तर? माल फार महाग आहे.

महाग आहे हे मान्य, किलोचा भाव ऐकून मलाही अजून धस्स होतं. पण तो रनर एकदा बॅरलमधून गेलेला आहे, साखळ्या कमी झाल्या, मोनोमर वाढला, दळताना हवेतलं पाणी घेतलं, आणि नवीन मालात मिसळलात की प्रत्येक पार्टमध्ये तो किती गेला हे कोणालाच सांगता येणार नाही. मशीन सेट करायला, पर्जिंगला (बॅरल साफ करायला), नवीन मुलांना शिकवायला वापरा. पार्टमध्ये नाही.